राहू दे

गेल्या फाल्गुनात मी आयुष्यात पहिल्यांदा अंगठा उठवला. आमचे आबा दहावीच्या परीक्षेला शेवटपर्यंत मॅट्रिक म्हणत, म्हणून मीही स्वतःला मॅट्रिकच म्हणवते. मॅट्रिक झालेल्या आपल्या लेकीला एक दिवस अंगठा उठवावा लागेल, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी त्या गृहस्थाला चहा न देता वाटेला लावले असते. पण काळ फिरला आहे. आता दलाल एक लहानसे यंत्र घेऊन घरीच येतो. त्यातल्या उजेडावर आपण अंगठा टेकवायचा आणि सरकारदरबारी आपली ओळख पटायची. माझी पटेना. बालवाडीच्या खडूने इतक्या वर्षांत अंगठ्यावरच्या रेघा पुसत आणल्या असाव्यात. "बाई, जरा पदराला पुसून बघा," दलाल म्हणाला. चौथ्या खेपेस यंत्राने मला मान्यता दिली.

प्रसंग असा होता. आई गेल्यावर आमचे कोपरखैरण्याचे माहेरचे घर वर्षभर बंद पडले होते. माझे सासर त्याच कोपरखैरण्यात, तीन टाकीच्या पलीकडे. धाकटा भाऊ पनवेलला. बंद घराला कुलूप राखत नाही, माणसांचा वावर राखतो. तेव्हा घर कोणाला तरी राहायला द्यावे असे आम्ही दोघांनी ठरवले. 'भाड्याने' हा शब्द उच्चारला की भाऊ दचकतो. "भाड्याने नव्हे ताई, लिव्ह अँड लायसन्स," अशी तो लगेच दुरुस्ती करतो. महाप्याला नोकरी करणारे एक नवे जोडपे मिळाले. अकरा महिने, अनामत रक्कम, पोलीस चौकीला कळवणे, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कुत्रे पाळायचे नाही. बारा पानांचा कागद झाला. त्या मुलीने सगळी बारा पाने मन लावून वाचली आणि हळूच विचारले, "तुळस लावली तर चालेल ना?" कागदात तुळशीविषयी काहीच नव्हते.

सह्या-अंगठे आटोपले. भावाचे एक स्नेही वकील आहेत, ते मुद्दाम आले होते. निघताना ते दारात चपला घालू लागले आणि एक चप्पल तशीच हातात धरून थांबले.

"हे कोण?"

"हे आमचे इस्त्रीमामा," मी म्हटले.

"ते दिसतंच आहे. पण यांचा कागद कुठाय?"

कागद नव्हता. १९९७ च्या पावसाळ्यापासून नव्हता.

आमचे घर म्हणजे सिडकोने माथाडी कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांपैकी एक. दोन खोल्या, मागे मोरी, आणि पुढे गल्लीच्या अंगाला एक अरुंद पट्टी. तिला आई मोठ्या थाटाने अंगण म्हणे. त्या पट्टीवर आबांनी पत्रा टाकून घेतला होता. त्या साली आषाढात एके दुपारी पाऊस कोसळत असताना एक माणूस हातगाडीवर टेबल घालून गल्लीत शिरला. टेबलावर घोंगडी, घोंगडीखाली लोकांच्या कपड्यांचे गाठोडे. स्वतः नखशिखांत भिजलेला आणि गाठोडे मात्र कोरडे. आबा दारात चहा पीत उभे होते. "पाऊस थांबंस्तवर टेबल पत्र्याखाली राहू दे का?" त्याने विचारले. आबा म्हणाले, "राहू दे."

पाऊस थांबला. टेबल राहिले.

महिन्याभराने मामा खिशातून घडी केलेल्या नोटा काढून आबांपुढे धरू लागले, तेव्हाही आबा म्हणाले, "राहू दे." पहिल्या वेळी त्याचा अर्थ 'असू दे तुझे टेबल' असा होता; दुसऱ्या वेळी 'नको देऊस पैसे' असा. आपल्या भाषेने या दोन्ही गोष्टींना एकच शब्द ठेवला आहे. आबांचे एरवीचे बोलणेही बेताचेच असल्यामुळे त्यांचे त्यात चांगले भागत असे.

मामा कराडकडचे. धंदा वडिलांपासून चालत आलेला. कोळशाची जड इस्त्री, शेजारी पाण्याचा तांब्या, ओंजळीने पाणी शिंपडण्याची एक ठरावीक लकब. सकाळी निखारे फुलले की त्यांचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात येई आणि आई म्हणे, "मामा आले, शाळेला उशीर झाला." राख तुळशीत उडते म्हणून तिची कुरकुरही असे. पण दिवाळीत साऱ्या गल्लीचे नवे-जुने कपडे मामांच्या टेबलावर डोंगरासारखे साचले की आईच एका बशीत करंज्या घालून त्या डोंगराआड ठेवून येई. आबांकडून मामांनी पैसा कधी घेतला नाही आणि आबांनी मामांकडून कधी घेतला नाही. फक्त आठवड्याला आबांच्या दोन टोप्या कडक इस्त्री होऊन घरात येत.

हे मी वकीलसाहेबांना मोठ्या कौतुकाने सांगितले. त्यांचा चेहरा अधिकच गंभीर झाला.

"म्हणजे मोबदला होता."

"मोबदला कसला? टोप्या!"

"बाई, भाडं रोखीतच द्यावं लागतं असं नाही. शेतात वाटा देतात, तसं. बरं, रात्री टेबल कुठं असतं?"

"इथंच. भिंतीला उभं करून ताडपत्री बांधतात."

"म्हणजे ताबाही." मग त्यांनी खाली पाहिले. "आणि ही फरशी कोणी घातली?"

मी उत्तर देणार एवढ्यात भावाने माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसले.

पुढल्या आठ दिवसांत मी जेवढा कायदा शिकले तेवढा मॅट्रिकला इतिहासही शिकले नव्हते. वकीलसाहेब मोठे हौशी. माझी एक कादंबरी त्यांनी वाचली होती आणि तिच्यात मी मृत्युपत्राचा घोळ घातला होता, त्याचे उट्टे ते काढीत असावेत. तर, आपल्या जागेत दुसऱ्याला वावरू देण्याचा कायदा १८८२ सालचा आहे. सुविधाधिकार अधिनियम असे त्याचे नाव; आपल्या मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. त्यात परवान्याची व्याख्या दिली आहे. परवानगी नसती तर जे करणे बेकायदा ठरले असते, ते दुसऱ्याच्या जमिनीवर करू देणे, आणि तसे करू देऊनही त्या जमिनीत त्याला कसलाही हितसंबंध न देणे, म्हणजे परवाना. मला हे ऐकून माझी बालवाडी आठवली. "बाई, मी हिच्या पाटीवर चित्र काढू?" असे विचारून काढले तर चित्र, न विचारता काढले तर रडारड. आणि पाटी दोन्ही वेळा तिचीच. लहान मुलांना हे न शिकवता समजते.

मोठ्यांचे मात्र अवघड आहे. पाटी किती वेळ हातात राहिली म्हणजे आपली वाटू लागते, याचा नियम नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलात एका केशकर्तनवाल्याला दोन दालने धंद्यासाठी दिली होती. कागदावर स्पष्ट 'परवाना' असे लिहिलेले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५९ साली न्यायालयाने सांगितले की, कागदाचे नाव काय आहे ते पाहू नका. उभयतांचा हेतू काय होता आणि जागेचा एकट्याने ताबा कोणाला दिला होता, ते पाहा. तो परवाना नसून भाडेपट्टाच ठरला. ही कथा वकीलसाहेबांनी फार रंगवून सांगितली. न्हाव्याच्या खुर्चीवरून ते एकदम परटाच्या टेबलावर आले, तेव्हा माझ्या भावाचा चेहरा उतरला.

भावाला मी दोष देत नाही. त्याच्या सासरी एक जुने दुखणे आहे. वहिनीच्या आजोबांचे दादरला घर होते. १९४७ चा भाडे नियंत्रणाचा कायदा आला आणि जुनी भाडी जागच्या जागी गोठली. ज्याला खोली दिली तो निघत नाही आणि भाडे वाढत नाही. तेव्हा मुंबईतल्या घरमालकांनी एक युक्ती काढली. भाडेकरू म्हणायचेच नाही, परवानाधारक म्हणायचे. पावतीवर भाडे लिहायचे नाही, 'नुकसानभरपाई' लिहायची. आजोबांनीही १९७१ साली मागली खोली एका ओळखीच्या गृहस्थांना तशाच कागदावर दिली, मुलीचे लग्न होईपर्यंत म्हणून. पुढे सरकारने ही युक्ती ओळखली. कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर, निदान एका खोलीइतक्या जागेत जे कोणी राहत होते, ते सगळे भाडेकरू ठरले. ते गृहस्थ रात्री परवानाधारक म्हणून निजले आणि सकाळी भाडेकरू म्हणून उठले. लग्न व्हायचे ते झाले, त्या मुलीला मुले झाली, आजोबा गेले. मागली खोली परत आली नाही.

हे वहिनी सांगते तेव्हा तिच्या घशात आवंढा येतो, आणि तो खोटा नसतो. पण मी कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे मला मागल्या खोलीतले ते गृहस्थही दिसतात. परळ-लालबागेतल्या हजारो माणसांच्या हातात असलेच कागद होते. 'आज सांगितले, उद्या निघा' अशी टांगती तलवार घेऊन ती निजत होती. त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी पहाटच झाली असेल. एकाच तारखेला दोन घरांत अशी वेगवेगळी सकाळ होते, आणि दोन्ही खऱ्या असतात.

३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. आता परवाना द्यायचा तर तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवला तर अटींविषयी राहणारा जे सांगेल ते प्रथम खरे धरायचे; शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राहत्या घराचा परवाना संपूनही माणूस निघाला नाही तर त्याला दुप्पट भरपाई लागू होते. म्हणून आता लोक निर्धास्तपणे घरे देतात. अकरा महिन्यांची चाल मात्र जुनीच. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, त्यातून सुटण्यासाठी कोणे एके काळी ती पडली असावी. नोंदणीतून आता सुटका नाही, तरी अकराचा आकडा काही सुटत नाही. लग्नातल्या अकरा रुपयांसारखा तो आपल्या अंगी लागला आहे.

अशा या पक्क्या बंदोबस्तात मामांचे टेबल तेवढे उघड्यावर होते. वकीलसाहेबांनी तोडगा काढला. एक कागद करायचा. मी केवळ मालकांच्या परवानगीने बसतो, माझा या जागेत कसलाही हक्क नाही, मालक सांगतील तेव्हा उठेन, असे मामांनी लिहून द्यायचे. "मसुदा तुम्हीच लिहा. तुमची भाषा चांगली आहे," ते मला म्हणाले. "आणि एक ओळ विसरू नका: सदर फरशी मालकांनी स्वखर्चाने घातलेली आहे."

या ओळीचे महत्त्व मला त्यांनीच समजावले. परवाना मालकाला केव्हाही मागे घेता येतो. पण परवान्याच्या भरवशावर समोरच्याने स्वतः खर्च करून कायम स्वरूपाचे काही बांधले असेल, तर तो मागे घेता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांच्याही मनात असे काही आले, याचे मला नवल वाटले. आणि तीच पंचाईत होती. फरशी मामांनी घातली होती.

१९९९ सालची गोष्ट. पावसात पट्टीचा नुसता राडा होई. मामांनी शहाबादी फरशीच्या आठ लाद्या कुठूनशा आणल्या, एक गवंडी धरला, वाळू-सिमेंट आपल्या पैशाने. "मामा, मला विचारायचं तरी," आबा म्हणाले होते. मामा म्हणाले, "तुमच्या टोपीला चिखुल उडतो, आबा." माझे लग्न व्हायचे होते. चार दिवस त्या फरशीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे काम माझ्याकडे होते. भाऊ तेव्हा शाळेत. त्याला हे नीट आठवत नाही, किंवा आठवायचे नाही. या गोष्टीची साक्षीदार आता मी एकटीच उरले होते.

तीन रात्री मी तो मसुदा घेऊन बसले. आजवर मी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली एकही गोष्ट घडलेली नाही, आणि ती लिहिताना माझा हात कधी अडला नाही. ही एक ओळ येईना.

आणि मग भलतेच आठवू लागले. आबा पाटणच्या डोंगरातून मुंबईला आले तेव्हा ते प्रथम मशीद बंदराजवळ आमच्या गावकीच्या खोलीत राहिले. त्या काळी मुंबईत गावोगावच्या अशा खोल्या असत. गिरणगावात तर चाळीच्या चाळी अशाच. खोलीचे भाडे गावकी भरी. भिंतीला ओळीने ट्रंका, प्रत्येक ट्रंकेवर वळकटी, वर एक खुंटी. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रातपाळीची त्यांच्याच जागेवर अंग टाकीत. ट्रंक तुझी, खुंटी तुझी, पण निजायची जागा कोणाचीच नाही. आबा त्या खोलीत सहा वर्षे होते. पहिल्या रात्री ते दाराशी उभे राहिले, तेव्हा आत वीतभरही मोकळी जागा नव्हती. झोपेतल्याच कोणा म्हाताऱ्याने डोळे न उघडता पाय पोटाशी घेतले आणि तेवढ्या जागेत आबा बसल्या बसल्या निजले. ही गोष्ट ते आम्हांला इतक्या वेळा सांगत की आम्ही दोघे भावंडे पुढचे वाक्य आधीच म्हणून टाकायचो. आता ती गोष्ट मला निराळी ऐकू येऊ लागली.

पुढे १९६९ चा माथाडी कायदा कामी आला. मंडळात नोंद झाली, हक्काची मजुरी आली. घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीला हलला आणि त्याच्यामागून आम्ही कोपरखैरण्याला आलो. घराचे कागद मिळाले त्या दिवशी आबांनी ते देवापुढे ठेवले. त्या रात्री ते कागद मीही प्रथमच उघडून वाचले. त्यात साठ वर्षांचा भाडेपट्टा लिहिला आहे. म्हणजे जमीन आमची नाहीच! आम्हीही कोणाचे तरी राहणारे; मुदत तेवढी लांब. आणि ज्यांनी ती आम्हांला दिली, त्यांनी ती कोठून आणली? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांची भातशेती, मिठागरे नव्या शहरासाठी घेतली गेली. मोबदल्यासाठी आगरी-कोळ्यांना फार झगडावे लागले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झाले तेव्हा पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यातूनच आली. आमच्या गल्लीत मासे घेऊन येणारी एक म्हातारी आईला म्हणे, "तुमच्या घराखाली आमचं खाचर होतं." तक्रार म्हणून नव्हे, आज बोंबील ताजे आहेत हे जसे सांगावे तसे ती सांगे. आई तिला पाणी देई आणि ती आमच्याच पत्र्याखाली, मामांच्या टेबलाशेजारी पाटी उतरवून बसे. तिलाही कोणी कागद मागितला नव्हता. तिने तो मागितला असता तर मात्र आमची पंचाईत झाली असती.

चौथ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर मी मामांकडे गेले. म्हटले, आडपडदा नको. मसुदा वाचून दाखवला आणि फरशीच्या ओळीवर थांबले.

"लिवा की ताई," मामा इस्त्री न थांबवता म्हणाले. "फरशी आबांचीच. सिमेंट म्या आनलं, पन खालची भुई कुनाची?"

"पण ते खरं नाही ना, मामा."

मामांनी इस्त्री उभी केली.

"तुमच्या धाकट्या दादांना भ्या वाटतं का, म्या उठनार न्हाई म्हनून? ताई, आबांनी मला एकदा उठवल्यालं."

हे मला ठाऊक नव्हते. २००५ च्या जून महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा सासरी, मांडीवर तान्हे मूल. गावाकडचे कोणीसे आबांच्या कानाला लागले: आज टेबल ठेवतोय, उद्या परीट भिंत घालील. तीन दिवस आबा मामांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी येऊन एवढेच म्हणाले, "ऊठ."

"मग?"

"मग काय? निखारं इझवलं, कापडं बांधली, टेबल गाडीवर चढवलं. अर्धा तास लागला."

परवाना रद्द झाला तर जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत मिळाली पाहिजे, असे कायद्याचे कलम आहे. वकीलसाहेबांनी ते मला आदल्याच आठवड्यात समजावले होते.

"तुम्ही भांडला नाहीत? फरशी मी घातली, असं तरी म्हणायचं."

"कशापायी? राहू दे म्हनलं, तवा का म्हनून इचारलं न्हाई. मग ऊठ म्हनल्यावर का इचारू?"

मामा मग नाल्याच्या कडेला एका भिंतीआड बसू लागले. महिना गेला. २६ जुलैचा तो पाऊस आला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि अवघी मुंबई बुडाली. नाल्याकाठी मामांच्या कमरेला पाणी लागले. हातगाडी वाहून गेली. टेबल त्यांनी एका खांबाला दोरीने बांधून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाणी ओसरत असताना, चिखलातून वाट काढीत आबा आले.

"म्हनलं, 'चल.' म्या म्हनलं, 'आबा, गाडी गेली, टेबल कशावर आनू?' तर त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, चुंबळ केली, डोक्यावर ठिवली. म्हनलं, 'हात लाव.' आन् टेबल घेऊन चालाय लागलं. पाठ दुखायची त्यांची त्या वक्ताला, पोती उचलायची सोडलेली. एकदासुदिक खाली ठिवलं न्हाई. हितं आनून ठिवलं आन् म्हनलं, 'राहू दे.'"

मामांनी इस्त्री परत उचलली. मला तेथे उभे राहवेना. मी घरी आले आणि लिहिले: 'सदर जागेतील शहाबादी फरशी १९९९ साली परवानाधारकाने स्वतःच्या खर्चाने घातलेली आहे.' एकाच बैठकीत लिहिले. एकही शब्द खोडला नाही.

रविवारी भाऊ आला. मसुदा वाचता वाचता त्या ओळीवर त्याचे बोट थांबले. "ताई, अगं हा आपल्याच पायावर धोंडा आहे. उद्या घर विकायचं झालं तर?" मी म्हटले, विकायचे होईल तेव्हा धोंडाही दिसेल, लपवायचा कशाला? तो चिडला. त्याने दादरची मागली खोली काढली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. मग मी टेबलाची गोष्ट सांगितली. भावाने ती पुरी ऐकून घेतली. बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "बॅटरी मी धरली होती."

इतकी वर्षे तो हे कधी बोलला नव्हता. ओळ खोडायचे त्याने पुन्हा काढले नाही. पण थोड्या वेळाने म्हणाला, "भिंत घालायची नाही, एवढं तरी लिही." मी लिहिले. शेवटी तोही आबांचाच मुलगा.

कागद टंकून आला. वकीलसाहेब स्वतः आले, भाऊ आला, मामांनी टेबलावरचे कपडे एका बाजूला सारले आणि त्याच टेबलावर मी सबंध कागद मोठ्याने वाचला. फरशीची ओळ आली तेव्हा वकीलसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "बाई, ही तुमच्याविरुद्ध जाईल हं." मी पुढे वाचत गेले. 'मोबदला' या शब्दापुढे त्यांनी 'निरंक' असे घातले होते.

"निरंक म्हंजी?" मामांनी विचारले.

"म्हणजे काही नाही. तुम्ही आम्हांला काही द्यायचं नाही."

मामांनी हातातले पेन खाली ठेवले. आबा २०१९ साली गेले. तेव्हापासून गणपतीला आणि दिवाळीला मामा आबांच्या त्या दोन टोप्या इस्त्री करून आईकडे देत आणि आई त्या तसबिरीपुढे ठेवी. आता आईही नव्हती.

"मग टोप्या?" मामा म्हणाले.

मी भावाकडे पाहिले, भावाने वकीलसाहेबांकडे पाहिले. ते चष्मा काढून काचा पुशीत होते. टोप्या म्हणजे मोबदला, हे त्यांनीच आम्हांला शिकवले होते.

"राहू द्या," ते म्हणाले.

मामांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर काढून. राहू द्या म्हणजे टोप्या द्यायच्या की द्यायच्या नाहीत, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आता त्या घरात ते नवे जोडपे राहते. मुलीने तुळस लावली आहे, आणि राख उडते म्हणून ती कुंडी रोज सकाळी आत घेते. गणपतीच्या आदल्या दिवशी मी बालवाडीतून परतत होते तेव्हा तिने मला हाक मारली. "मावशी, हे मामांनी तुमच्यासाठी ठेवलंय," म्हणत तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक चपटे पुडके माझ्या हातात दिले. ते अजून गरम होते.